एक्स-रेवाल्याला बिल्ला असतो, पंचनामा भरणाऱ्याला काय?

सिव्हिलच्या एक्स-रे विभागात काम करणाऱ्याच्या खिशाला एक चपटा बिल्ला लावलेला असतो. टीएलडी बॅज म्हणतात त्याला. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो आणि त्या माणसाला किती किरणोत्सर्ग लागला याचा आकडा येतो. मर्यादाही ठरलेली आहे: पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलीसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. आकडा चढला की चौकशी होते. त्या वेळी "तुझं काळीज कच्चं आहे" असं त्याला कुणी म्हणत नाही.

तशाच आवारात, मागच्या अंगाला, शवविच्छेदनगृह असतं. तिथं येणाऱ्या हवालदारानं, मेडिकल ऑफिसरनं आणि कटरनं, म्हणजे प्रेत उघडून शिवणाऱ्या कर्मचाऱ्यानं, यंदा किती प्रेतं हाताळली, त्यात लहान मुलं किती, कुजलेली किती, ओळखीची किती, हे कुणी मोजत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: सवय होते. माझ्या मते प्रश्न काळजाचा कमी आणि मात्रेचा जास्त आहे, आणि मात्रा मोजता येते.

आधी कुणाला किती मात्रा लागते ते बघू. अकस्मात मृत्यूची चौकशी करायला काही देशांत कॉरोनर नावाचा वेगळा अधिकारी असतो. आपल्याकडे मुंबईत होता, १९९९ मध्ये ते पद गेलं. बाकी महाराष्ट्रात हे काम पोलीस ठाण्याचंच. पोलीस पाटील खबर देतो, ठाण्यात एडी दाखल होते, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, आणि बीट अंमलदार निघतो. पूर्वी यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९४ आहे, आणि इन्क्वेस्टचा, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या चौकशीचा, अहवाल २४ तासांत वर पाठवायचं बंधन आलं आहे. घाई तेवढी वाढली.

गळफासाची साधी एडी घ्या. गाठ शाबूत ठेवून दोर दुसरीकडून कापायचा, प्रेत खाली घ्यायचं, उलटंसुलटं करून खुणा बघायच्या, गळ्यावरच्या वळाची लांबी-रुंदी मोजायची, कपड्यांचा रंग, अंगावरचे दागिने, खिशातल्या वस्तू लिहायच्या, पंचांच्या सह्या घ्यायच्या. मग गाडी बघायची, ग्रामीण रुग्णालयात न्यायचं, डॉक्टर मोकळे होईपर्यंत थांबायचं, पीएम म्हणजे शवविच्छेदन झाल्यावर प्रेत वारसांच्या ताब्यात द्यायचं, जबाब घ्यायचे. सकाळी सातला फोन आला तर दुपारचे चार सहज वाजतात. यातले दोन-तीन तास मयताजवळचे, उरलेले सगळे मयताच्या आई-बापाजवळचे. डॉक्टरचं उलटं असतं. त्याचा वेळ तास-दीड तासाचा, नातेवाईक बाहेर. पण हात आत आणि नाक जवळ. कटर कवटी उघडतो, शिवतो, धुतो, फरशीवर पाणी मारतो, आणि तो माणूस कशानं गेला हे त्याला बऱ्याचदा कुणी सांगतही नाही. तिघांची मात्रा वेगळी, म्हणून तिघांचा त्रासही वेगळा.

लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाई गेली तर इन्क्वेस्टला तहसीलदार किंवा नायब तहसीलदार येतो. सातबारा, फेरफार आणि पीक पाहणी शिकून आलेला हा माणूस जळालेल्या मुलीच्या अंगावरचं कापड स्वतः बाजूला करायला लावतो आणि लिहून घेतो. त्याच्या प्रशिक्षणात याचा तास किती, हे त्यालाच विचारा.

आता चिकटतं काय? नवख्याला वाटतं, रक्त. रक्ताची सवय खरंच होते. अमेरिकी लष्करात प्रेतं हाताळणाऱ्यांचा उर्सानो आणि मॅकॅरोल यांनी बरीच वर्षं अभ्यास केला. त्यातून पुन:पुन्हा एक गोष्ट पुढं आली: मयताशी नातं जुळलं की त्रास वाढतो. "हा माझ्या पोराएवढा आहे", "ही माझ्या बहिणीसारखी दिसते". लहान मुलांची प्रेतं आणि मयताच्या वापरातल्या वस्तू यांचा भार सगळ्यांत जास्त. फुटलेल्या डोक्यापेक्षा दप्तरातली उद्याच्या गृहपाठाची वही जास्त दिवस डोळ्यांपुढं राहते, कारण डोकं परक्याचं असतं आणि वही आपल्याही घरी असते.

यावर करता येण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं बहुतेक पंचनाम्याच्या दृष्टीनंही बरोबरच आहे. खिसे एकानं रिकामे करावेत, लिहावं दुसऱ्यानं. चिठ्ठी सापडली तर ती ताब्यात घेण्यापुरती बघावी. आख्खी वाचायचं काम ठाण्यात, बसून, ज्याच्याकडं तपास आहे त्यानं एकदाच करावं. जागेवर चौघांनी आळीपाळीनं वाचायला ते वर्तमानपत्र नव्हे. मोबाइल सापडल्या सापडल्या फ्लाइट मोडवर टाकून तशी नोंद घ्यावी. पुरावा दुरून पुसला जात नाही, आणि पंचनामा चालू असताना मयताच्या खिशात "घर" अशा नावानं वाजणारा फोन कुणाला ऐकावा लागत नाही. मापं घेताना चेहऱ्यावर रुमाल टाकावा. चेहरा बघायचा तेव्हा बघावा, लिहावा, झाकावा. मयताचं नाव लिहायला लागतं तिथं लिहावं, आपसांत बोलताना एडीचा नंबर पुरतो. आणि ज्या अंमलदाराचं पोरगं तिसरीत आहे, त्याला तिसरीतल्या पोराच्या एडीला पाठवू नये. गाडी सुटायच्या आधी पाच सेकंद विचार केला तरी हे जमतं.

वास हा वेगळा विषय. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या चौकीवर थांबतं. वासाची वाट ती चौकी टाळून थेट अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पसकडं, म्हणजे भीतीच्या आणि आठवणीच्या घरात शिरते. म्हणून वर्षानंतर गटारीच्या एका झुळकीनं माणूस पुन्हा त्या विहिरीच्या काठावर उभा राहतो. यावर आपल्याकडचा सर्रास उपाय म्हणजे नाकाखाली व्हिक्स. व्हिक्सनं वास जात नाही. मेंथॉल थंडावा ओळखणाऱ्या तंतूंना चाळवतं, नाक मोकळं झाल्याचा भास होतो, आणि कुजल्याचा वास आपल्या जागी राहतो. वर एक नवी जोडी तयार होते: पुढच्या थंडीत पोराच्या छातीला व्हिक्स चोळताना बापाला विहीर आठवते. कापूर, उदबत्ती, अत्तर यांचंही तेच. घरात ज्याचा वास येतो ती वस्तू पंचनाम्याला न्यायची नाही, हा नियम. कार्बनचा थर असलेला एन-९५ मास्क वापरावा. आत गेल्यावर काही मिनिटांत नाक आपोआप बधिर होतं, म्हणून दर पाच मिनिटांनी बाहेर येऊन "हवा खाऊ" नये; प्रत्येक वेळी परत शिरताना पहिल्यापासून सुरुवात होते. कपडे त्याच दिवशी वेगळे धुवावेत. मिशीला साबण लावावा. वास केसांत राहतो, आणि आपल्या सातारा भागातल्या मिशा काही लहान नसतात.

इथं एक धोक्याची गोष्ट. जुनी विहीर, शोषखड्डा, गोबरगॅसची टाकी इथं वास अचानक थांबला तर ती सवय समजू नका. हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला की नाकाची ताकदच मारतो, आणि पुढचं प्रेत आत उतरणाऱ्याचं असतं. अशा ठिकाणी उतरायचं नाही. बाज चार दोरांनी खाली सोडायची, गळ टाकायचा, किंवा श्वसनयंत्रवाल्या पथकाची वाट बघायची.

विष पिऊन गेलेल्याच्या जठरातून येणारा कीटकनाशकाचा उग्र, लसणासारखा वास हाही असाच. इथला अंमलदार, कटर, कधीकधी डॉक्टरही शेतकऱ्याच्या घरातला. त्याच्याही गोठ्यात फळीवर तसाच डबा असतो. फवारणीच्या दिवसांत याची चिडचिड का वाढते हे घरच्यांना कळत नाही. डबा कुलपात ठेवला तर दोन कामं होतात: तो सारखा नजरेला पडत नाही, आणि वाईट क्षणी कुणाच्या हाती लागत नाही. दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे.

मयतीहून आल्यावर दारातच अंघोळ करायची, कडुनिंबाचा पाला चावायचा, मग घरात यायचं, ही आपली रीत. काही शिकलेली मंडळी याला हसतात. मला वाटतं, काम आणि घर यांच्यात एक उंबरठा असावा हे जुन्या लोकांना कळलं होतं. पीएमहून येणाऱ्यानंही तो पाळावा: कपडे बाहेर, अंघोळ, मग चहा. पण एक गोष्ट त्याला मिळत नाही. मयताच्या घरच्यांना सावडणं असतं, दहावा असतो, तेरावा असतो. माणूस गेला हे दिवसागणिक पक्कं होत जातं, लोक येऊन बसतात. तपास करणाऱ्याला यातला फक्त पहिला दिवस मिळतो, आणि तेराव्याच्या आत त्याच्याकडं पुढच्या दोन एड्या आलेल्या असतात.

रात्रीचं काम वाढलंय ते वेगळंच. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं उजेडाची आणि सामग्रीची सोय असेल तिथं सूर्यास्तानंतरही पीएम करायला मुभा दिली. नातेवाइकांची रात्रभराची ताटकळ वाचली, हे चांगलंच झालं. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेलं प्रेत, घातपाताचा संशय यांना एरवी ती मुभा नाही, त्यामुळं ती सकाळपर्यंत थांबतात आणि अंमलदारही थांबतो. पण रात्री अकराला पीएम उरकलेला डॉक्टर साडेअकराला अंथरुणावर असतो, आणि दृश्य व झोप यांच्यात अंतर उरत नाही. अशा रात्री निदान तासभर जागावं, उजेडात, हाताला काहीतरी काम ठेवून. मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स यांच्या गटानं ऑक्सफर्डमध्ये यावर मजेशीर प्रयोग केले आहेत: अपघातानंतर काही तासांच्या आत, आधी तो प्रसंग थोडक्यात आठवायला लावून, मग वीसेक मिनिटं टेट्रिस हा ठोकळे फिरवून बसवायचा खेळ खेळायला दिला. त्या लोकांना पुढच्या आठवड्यात नकोशी दृश्यं कमी वेळा आठवली. आकार डोळ्यांपुढं फिरवण्यात मेंदूची चित्रं साठवायची जागा गुंतते, असा त्यामागचा अंदाज. हा इलाज नाही. पण फोनवर रील बघत पडण्यापेक्षा बरा.

फोनवरून आठवलं. नव्या कायद्यानं झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं, ई-साक्ष्य ॲप आलं, आणि अंमलदाराचा मोबाइल हा त्याचा मुद्देमालाचा पेटारा झाला. ॲपमधलं ॲपमध्ये राहतं. त्रास होतो तो सोबत काढलेल्या जादा फोटोंचा, जे गॅलरीत राहतात, ठाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात, आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला फोन स्वतःहून "आठवणी" म्हणून वर काढतो. पोराच्या वाढदिवसाच्या फोटोशेजारी. गॅलरीचा आपोआप बॅकअप बंद ठेवा, व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद ठेवा, आणि काम झालं की अधिकृत ठिकाणी नोंदवून फोनमधून काढा. तपासासाठी व्हिडिओ पुन्हा बघायचा झाला तर आधी आवाज बंद, खिडकी छोटी, शक्य तर काळं-पांढरं. आवाज खरंच ऐकायचा असेल तेव्हा पडद्याकडं न बघता ऐका. दोन्ही मिळून पूर्ण मात्रा लागते.

पोलीस आणि डॉक्टर निदान पगारावर आहेत. महाबळेश्वरच्या दऱ्यांत दोर लावून उतरणारे ट्रेकर्स, संगमावर पोहून प्रेत काढणारे भोई, सही करायला बोलावलेले पंच, यांना कुणीच विचारत नाही. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या चेंगराचेंगरीत तीनशेच्या आसपास माणसं गेली. प्रेतं उचलायला आणि ओळख पटवायला गावोगावचे लोक होते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला तेव्हा भर पावसात चिखलातून माणसं काढली तीही आजूबाजूच्यांनी आणि पथकांनी. पंच निवडताना ठाण्यानं एवढं तरी पाळावं: मयताचा भाऊबंद नको, वीस-बावीस वर्षांचं पोर नको, आणि लागोपाठ तोच माणूस नको. "हा नेहमीचा पंच" म्हणजे नेहमी मात्रा घेणारा माणूस.

तर मोजायचं कसं? नवं रजिस्टर नको, एडीचं रजिस्टर आहेच. महिन्याच्या एक तारखेला रायटरनं त्यातून प्रत्येक अंमलदाराच्या नावापुढं आकडा काढायचा. माझा ढोबळ हिशोब असा, तो कुठल्या अभ्यासातला नाही: साधी एडी एक गुण. कुजलेलं किंवा जळालेलं असेल तर आणखी एक. सहा तासांहून जास्त वेळ गेला तर एक. मृत्यूची बातमी घरच्यांना स्वतः सांगावी लागली तर एक. लहान मूल असेल तर दोन, ओळखीचं असेल तर दोन. महिन्यात आठाच्या वर गेला की पुढचे पंधरा दिवस त्याला दुसरं काम. वैद्यकीय अधीक्षकांनी पीएमच्या रजिस्टरवरून डॉक्टरांचं आणि कटरचं असंच काढावं. कटर एकच असला तर आकडा दर महिन्याला मर्यादेबाहेर येईल. येऊ द्या, दुसरा माणूस मागायच्या पत्रावर लिहायला तो उपयोगी पडतो. हे बिघडतं कुठं? ज्याला काळीज घट्ट समजतात त्याच्याकडं सगळ्या वाईट एड्या जातात. तो नाही म्हणत नाही, आणि साहेबांना सोपं पडतं. त्याचा आकडा आधी काढा.

पहिल्या महिन्यात झोप मोडणं, दृश्य दिसणं, मटण नको वाटणं, पोरांना विहिरीकडं जाऊ न देणं, दहा वेळा घरी फोन करणं, हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप उतरतं. या काळात फार काही करायचं नसतं, आणि नेमकं इथंच आपण नको ते करतो.

मोठ्या घटनेनंतर सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून "मन मोकळं करा" म्हणून प्रत्येकाकडून प्रसंग वदवून घेणं, याला डीब्रीफिंग म्हणतात. १९८० च्या दशकात जेफ्री मिचेल यांनी ही पद्धत मांडली, जगभर गेली. पुढं सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा असं दिसलं की अशा एकाच बैठकीनं पुढचा आजार टळत नाही, काहींचं उलट बिघडतं. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१८ च्या मार्गदर्शिकेत हे करू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. कारण सरळ आहे: ज्यानं फक्त बंदोबस्त केला त्याला प्रेत काढणाऱ्याच्या तोंडून सगळं ऐकावं लागतं, म्हणजे मात्रा वाटली जाते. त्याऐवजी जागतिक आरोग्य संघटनेचा मानसिक प्रथमोपचार तीन शब्दांचा आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस जेवला का, घरी कसा जाणार, सोबत कोण आहे, हे पाहायचं. तो बोलला तर ऐकायचं, खोदायचं नाही. गरज दिसली तर पुढं कुणाशी तरी गाठ घालून द्यायची. साहेबानं "पंचनामा व्यवस्थित झाला, आता घरी जा, उद्या दहाला ये" एवढं म्हटलं तरी पुष्कळ होतं. "पोलीस असून रडतोस" हे मात्र वीस वर्षं लक्षात राहतं.

दुसरी चूक झोपेच्या गोळीची. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्या आघातानंतर लगेच सुरू केल्यानं आजार टळत नाही, आणि चार-सहा आठवड्यांत सवय लागते. तिसरी दारूची. दारूनं झोप लागते, पण स्वप्नांची झोप आधी दाबली जाते आणि पहाटे उसळून येते. तीनला घामानं जाग येते ती त्यामुळं, मग दारूची मात्रा वाढते. शवागारात पिऊनच जावं लागतं, ही समजूत इतकी मुरलेली आहे की न पिणारा कटर लोकांना खोटा वाटतो. रोज पिणाऱ्यानं मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नये. शेवटच्या प्याल्यानंतर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, आणि ४८ ते ९६ तासांत डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे भ्रम, थरथर, ताप; यात माणूस दगावतोही. डॉक्टरच्या देखरेखीखाली, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन, उतरवत आणतात. साताऱ्यात व्यसनमुक्तीच्या कामाची माहिती असलेली परिवर्तनसारखी संस्था आहे, फार लांब जायला नको.

महिना उलटूनही उतरत नसेल, तर तो आजार आहे. अमेरिकी मनोविकार संघटनेनं १९८० मध्ये पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मनोविकार, हे नाव आपल्या यादीत घातलं, आणि २०१३ च्या आवृत्तीत एक महत्त्वाची भर पडली: आघात स्वतःवरच व्हायला हवा असं नाही, कामाचा भाग म्हणून मृत्यूचे भीषण तपशील पुन:पुन्हा सामोरे आले तरी तो आघात धरला जातो. उदाहरण म्हणून तिथं मानवी अवशेष गोळा करणारेच दिले आहेत. म्हणजे "मला काय झालंय, मेला तर दुसराच" हा युक्तिवाद निकालात निघाला. पीसीएल-५ ही २० प्रश्नांची यादी आहे, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ८०. ३१ ते ३३ च्या पुढं गेलं तर नीट तपासणी करून घ्यावी. फक्त आपल्याकडं पेशंट "दृश्य दिसतं" असं क्वचित म्हणतो. तो छातीत धडधड, ॲसिडिटी, बीपी घेऊन येतो, ईसीजी नॉर्मल निघतो आणि परत जातो. दुसरा प्रकार म्हणजे काहीच न वाटणारा: पोराच्या बक्षिसाला नाही, भावाच्या लग्नाला नाही. त्याला सगळे "घट्ट" म्हणतात.

इलाजात सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो आघातावर थेट काम करणाऱ्या मानसोपचाराचा. गोळ्या त्याच्या मागं. एक पद्धत एडना फोआ यांची, प्रोलाँग्ड एक्स्पोजर. ८ ते १५ सेशन, एकेक साधारण ९० मिनिटांचं. पहिल्या दोन बैठकांत इतिहास, समजावणं आणि टाळलेल्या गोष्टींची यादी; तिसऱ्यापासून डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा, "मी गाडीतून उतरतोय, बांधावर माणसं आहेत", तीस-चाळीस मिनिटं, पुन:पुन्हा. मधून मधून शून्य ते शंभरमध्ये त्रास किती ते विचारतात. ते रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायचं. पोलीस असेल तर रेकॉर्डिंगमध्ये गुन्हा नंबर, गाव, मयताचं नाव येऊ देऊ नये. तपास उघडा पडता कामा नये, आणि नावं नसली तरी उपचार तितकाच लागू पडतो. सोबत पायऱ्या चढायच्या: सिव्हिलच्या फाटकावरून जाणं, मग आवारात दहा मिनिटं थांबणं, मग शवागाराच्या बंद दारापाशी, मग धुतलेल्या रिकाम्या खोलीत. प्रत्येक पायरीवर त्रास निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. अर्ध्यात पळालं तर भीती पक्की होते, कारण पळाल्यानं सुटलो हेच मेंदू शिकतो.

दुसरी पॅट्रिशिया रेसिक यांची, १२ सेशनची, अडकलेल्या विचारांवर काम करणारी. तपास करणाऱ्यांना ही मला जास्त सोयीची वाटते, कारण तिची भाषा त्यांचीच आहे: पुरावा काय? "दहा मिनिटं आधी पोचलो असतो तर वाचला असता" असं जो वर्षभर म्हणतोय, त्याला त्याच्याच फाइलमधले कागद काढायला लावायचे. खबर किती वाजता आली, स्टेशन डायरीत निघाल्याची वेळ काय, पीएमच्या नोटमध्ये मरणोत्तर ताठरपणा कुठवर होता. पंचनाम्यात एका साक्षीदाराच्या ऐकीव बोलण्यावर निष्कर्ष न काढणारा माणूस स्वतःविरुद्ध मात्र बिनपुराव्याचं दोषारोपपत्र दाखल करून बसलेला असतो.

तिसरी ईएमडीआर, फ्रान्सिन शपिरो यांची, १९८९ पासून प्रसिद्ध. डोळे डावी-उजवीकडं हलवत आठवणीवर काम करतात. तिचाही पुरावा चांगला आहे. बिघडतं कुठं, तर उपचारकच तपशील ऐकून बिचकतो आणि विषय बदलतो. किंवा पेशंट रडला की थांबवतो. किंवा तिसऱ्या-चौथ्या सेशनला त्रास वाढल्यासारखा वाटतो आणि माणूस येणं सोडतो. तो वाढणार हे आधीच सांगायला हवं. आणि सगळ्यांत मोठी अडचण: सेशन सोमवारी, नवी एडी मंगळवारी. उपचाराचे दोन-तीन महिने एडीतून मोकळीक मिळाली पाहिजे, नाहीतर गळक्या हौदात पाणी भरणं.

औषधांत सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीचा अनुभव मोठा आहे. २५ मिलिग्रॅमपासून सुरू करून ५० आणि गरजेप्रमाणे २०० पर्यंत, हे डॉक्टर ठरवतात. पहिले दहा-बारा दिवस मळमळ, अस्वस्थपणा. फरक दिसायला चार ते आठ आठवडे. बरं वाटलं म्हणून एकदम सोडायची नाही. स्वप्नांसाठी प्राझोसिन देतात, पण २०१८ च्या मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. बिनगोळीचा एक उपाय करून बघण्यासारखा आहे: दिवसा उजेडात ते स्वप्न कागदावर लिहायचं, शेवट आपल्या मनाप्रमाणे बदलायचा, आणि बदललेलं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं मनात चालवायचं.

कुठं जायचं? जिल्हा रुग्णालयात मनोविकार ओपीडी असते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ बघताना आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा, आणि "आघातावरचं सीबीटी (विचार आणि वागणं बदलणारा मानसोपचार) किंवा ईएमडीआर करता का?" हे फोनवरच विचारा, बरेच जण करत नाहीत, आणि नुसत्या धीराच्या चार शब्दांसाठी फी कशाला? इथं नसेल तर व्हिडिओवर पुण्याचा उपचारक चालतो, प्रोलाँग्ड एक्स्पोजर व्हिडिओवरही होतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. साहेबांना कळेल ही भीती असते; मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं ही माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येत असेल तर त्याच दिवशी जायचं, आणि त्याच दिवशी पिस्तूल शस्त्रागारात. शस्त्र जमा केलं म्हणजे शिक्षा, असा बोभाटा ठाण्यात होऊ नये म्हणून त्याला आठवडाभर वायरलेसला किंवा सीसीटीएनएसला, म्हणजे ठाण्याच्या संगणकावरच्या गुन्हे-नोंदीच्या कामाला, बसवावं. तिथं शस्त्र लागत नाही, आणि कुणी विचारतही नाही.

शेवटचं, कोर्टाचं. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले आतले अवयव, पुण्याला जातो, सीए रिपोर्ट (रासायनिक तपासणीचा अहवाल) यायला महिने लागतात, तोवर फाइल मिटत नाही. खटला उभा राहिला तर साक्षीचं समन्स वर्षांनी येतं, डॉक्टर तोवर दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेलेला असतो, आणि सरकारी वकील कॉरिडॉरमध्ये त्याच्या हातात फोटोंचा अल्बम देतात. तयारी आदल्या दिवशी दुपारी करावी, रात्री नाही. आधी फक्त आपला कागद वाचावा, पंचनामा किंवा पीएम नोट. फोटो त्यानंतर, लागतील तेवढेच, कुणीतरी शेजारी असताना. उलटतपासणीत वकील मुद्दाम मयताचं वय आणि नाव पुन:पुन्हा घेतात, तेव्हा उत्तर नोटमधल्या शब्दांत द्यावं. आणि ठाण्यानं एवढं करावं: साक्ष देऊन आलेल्याच्या नावावर त्या दिवशीची एडी टाकू नये.